झाडीपट्टीच्या रात्रीचा एक अल्बम हवा

अमेरिकेतल्या ‘रूमफुल ऑफ ब्लूज’ या बँडने २०१३ साली ‘४५ लाइव्ह’ हा अल्बम काढला. १९६७ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातल्या वेस्टर्ली या लहानशा गावात गिटारवादक ड्यूक रोबिलार्ड यांच्या पुढाकाराने हा ताफा उभा राहिला आणि थोड्याच वर्षांत त्यात सॅक्सोफोन व ट्रम्पेट येऊन मिळाले. साडेचार दशकांची वाटचाल साजरी करण्यासाठी या मंडळींनी महानगरातले नामांकित सभागृह शोधले नाही. आपल्याच राज्यातल्या मॅटुनक या समुद्रकाठच्या वस्तीतल्या ‘ओशन मिस्ट’ या ठिकाणी, ओळखीच्या श्रोत्यांसमोर त्यांनी वाजवले आणि तेच मुद्रित केले. या निर्णयामागचा विचार भंडारा-पवनी रस्त्यावरच्या अड्याळसारख्या गावाने आणि एकूणच झाडीपट्टीने मनावर घ्यावा असा आहे. जे संगीत श्रोत्यांच्या साथीने घडते, त्याची खरी नोंद श्रोत्यांसमोरच होऊ शकते.

हा बँड ज्या घराण्यातला, ते जंप ब्लूज १९४०च्या दशकात बहरले. पंधरा-वीस वादकांचे मोठे बँड युद्धकाळात परवडेनासे झाले. तेव्हा लुई जॉर्डन यांच्या ‘टिम्पनी फाइव्ह’सारखे मोजक्या वादकांचे ताफे पुढे आले. माणसे कमी झाली तरी नाचायला आलेल्या गर्दीला तोच दणका हवा होता. म्हणून गायकाची ओळ संपताच दोन-तीन फुंकवाद्यांनी एकदम उसळून जबाब द्यायचा, ही रीत पक्की झाली. सॅक्सोफोनवाल्याने आणखी किती आवर्तने घ्यायची, याचा कौल बरेचदा समोरची गर्दीच देते. मराठी रसिकाला हे नवे वाटू नये. संगीत नाटकात ‘वन्स मोअर’ मिळाला की तेच पद नव्या जागा घेऊन पुन्हा उभे राहायचे. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत पद मावले, हा व्यवहार मावला नाही.

आपल्याकडे या जातीच्या संगीताचे काय उरले, हे पाहिले की नुकसान लक्षात येते. गोव्यातल्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने मुंबईत ट्रम्पेट वाजवत. त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हटले जाई आणि ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजे. पुणतांब्यात जन्मलेल्या आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकलेल्या सी. रामचंद्रांनी ही उसळी ओळखून चित्रपटगीतांत आणली. १९५१ चा ‘अलबेला’ हा तिचा ठळक दाखला. ती गाणी आजही ताजी आहेत, पण ती स्टुडिओत बेतलेली आहेत. नाचणाऱ्या गर्दीसमोर तोच ताफा एखादी चाल किती रंगवत असे, कुठे थांबत असे, हे चित्रपटाची तबकडी सांगू शकत नाही. शिवाय तबकडीवर गायक-संगीतकारांची नावे असत. फुंकणारे बहुतेक निनावीच राहिले.

झाडीपट्टीत तशी वेळ अजून आलेली नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई ही जत्रा भरू लागते, गावोगाव नाटके लागतात आणि प्रयोग रात्रभर चालतात. झाडीपट्टीचे रंगकर्मी परशुराम खुणे यांना २०२३ साली मिळालेल्या पद्मश्रीने या रंगभूमीचा देशपातळीवर गौरव झाला. तिथे गाणे नटाच्या गळ्यातून निघते आणि हजर वादक त्याला तिथल्या तिथे साथ देतात. वाद्ये जंप ब्लूजची नाहीत, पण गायक, वादक आणि प्रेक्षक यांचा तिहेरी संवाद तोच आहे.

मोबाइलवर चित्रफिती ढिगाने आहेत, मग आणखी काय हवे, असे कुणी विचारेल. त्या फितींचे मोल आहेच. मात्र त्यात बहुधा एकाच कोपऱ्यातून मिळालेला आवाज असतो, ऑर्गन दबतो, ढोलकी फुटते आणि वादकांची नावे कुठेच नसतात. प्रत्येक वाद्याला आणि प्रेक्षकांनाही वेगळा मायक्रोफोन, नंतर काळजीपूर्वक केलेले मिश्रण आणि सोबत नावानिशी नोंद, एवढे झाले की फितीचा दस्तऐवज होतो. दुसरा आक्षेप चुकांचा. जागत्या प्रयोगात सूर हलतो, कुणी मधेच ओरडतो. हे खरे, पण चूक सावरून पुन्हा समेवर येणे ही कलाच आहे आणि स्टुडिओ नेमकी तीच पुसून टाकतो. तिसरा मुद्दा खर्चाचा. सगळा हंगाम टिपायचा नाही. एका गावाची एक रात्र नीट टिपायची आहे. मंडईसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळांनी, नाटक कंपन्यांनी आणि विद्यापीठांनी मिळून उचलावा इतका तो भार आहे.

मॅटुनकच्या वस्तीत मुद्रित झालेले संगीत जगभर ऐकले जाते, कारण ते आपल्या गावाचा आवाज लपवत नाही. अड्याळच्या परिसरातला प्रयोगही त्याच मानाने ऐकला जावा. त्यासाठी आधी तो आपण मोलाचा मानून जपला पाहिजे. हे काम याच हंगामात सुरू व्हावे, कारण आज साथीला बसणारे ज्येष्ठ वादक पुढच्या पिढीला फक्त ध्वनिमुद्रणातूनच शिकवू शकतील.