बुलेटला उलटा शॉकअप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सौंसरच्या एका बाजूला सावनेरमार्गे नागपूरला जाणारा हायवे आहे आणि दुसऱ्या बाजूला छिंदवाड्याकडे चढणारा सिल्लेवानी घाट. आपल्या भागातल्या बुलेटवाल्याला सरळ रस्ता आणि घाटाची वळणं, दोन्ही एकाच गाडीवर कापावी लागतात. म्हणून क्लासिक, मिटिऑर किंवा अ‍ॅव्हेंजरचा पुढचा चिमटा काढून दुसऱ्या गाडीचा बसवायचा विचार कोणी करत असेल, तर काही गोष्टी आधी स्पष्ट व्हायला हव्यात.

पहिला गैरसमज असा की उलटा शॉकअप म्हणजे नेहमीच चांगला शॉकअप. उलट्या शॉकअपमध्ये जाड नळी वर, टीमध्ये (चिमट्याचे दोन्ही पाय धरणाऱ्या जोडात) आवळलेली असते, त्यामुळे जोरात ब्रेक दाबल्यावर तो कमी लवतो. एवढं खरं. पण आतली स्प्रिंग आणि ऑइलचे मार्ग मूळ गाडीच्या वजनाप्रमाणे ठरवलेले असतात. केटीएम 390 ड्यूकचा 43 मिमीचा शॉकअप क्लासिक 350ला लावला, तर त्याला मूळ गाडीपेक्षा पंचवीसेक किलो जड गाडी सांभाळावी लागते, आणि चालवणाऱ्याची बसण्याची ढबही वेगळी. शिवाय त्याचं ऑइल सील खाली, चाकाजवळ असतं. शेतातल्या वाटेची माती दांडीवर बसून सील फाटलं की ऑइल थेट ब्रेककडे उतरतं.

सगळ्यात कमी बोललं जातं ते मापाबद्दल, आणि खरा धोका तिथेच आहे. स्टिअरिंगच्या दांड्याची रेघ खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायरच्या टेकण्याच्या जागेच्या थोडी पुढे पडते. या दोन बिंदूंमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. हँडल आपोआप सरळ होतं ते मुख्यतः या ट्रेलमुळे. मिटिऑरचा व्हीलबेस 1400 मिमी आहे. तिचं पुढचं टोक 25 मिमी खाली किंवा वर गेलं की स्टिअरिंगचा कोन साधारण एक अंशाने बदलतो. आता ड्यूकच्या शॉकअपबरोबर तिचं 17 इंची चाकही आलं असं समजा. 100/90-19 टायरच्या जागी 110/70-17 आला, तर फक्त चाकामुळे आस सुमारे 38 मिमी खाली येतो. ट्रेल बरीच घटते. शहरात गाडी हलकी वाटते आणि मालक खूश होतो. हायवेवर ट्रक शेजारून गेला की हँडल थरथरू लागतं.

चिमटा लांब केला तर याच्या उलट घडतं. ‘लांब चिमटा, स्थिर गाडी’ हे चॉपरवरून, म्हणजे लांब चिमट्याच्या खास बांधलेल्या गाड्यांवरून, आलेलं अर्धसत्य आहे. सरळ रस्त्यावर गाडी रेघेत चालते, पण घाटाच्या आवळ वळणात कमी वेगाला पुढचं चाक आतल्या बाजूला कोसळू पाहतं. चॉपर बांधणारे जाणकार म्हणूनच नुसता चिमटा वाढवत नाहीत, ते चासीच्या मानेचा कोन आणि टीची मापंही सोबत ठरवतात.

‘टी बसली, कोनसेट (स्टिअरिंगचं बेअरिंग) जुळला, काम झालं’ असंही ऐकायला मिळतं. शॉकअप पूर्ण दबल्यावर टायर मडगार्डला किंवा चासीच्या पुढच्या नळीला घासतो का, हे स्प्रिंगा काढून दाबून बघितल्याशिवाय कळत नाही. हँडल पूर्ण वळवल्यावर टाकीला लागू नये. आणि 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचा आहे. चाकाची रिंग आणि सेन्सर जुळले नाहीत, तर ओल्या रस्त्यावर ऐनवेळी तो साथ देणार नाही.

शॉकअपचा वाकलेला पाइप प्रेसवर सरळ करून वापरू नका. क्रोमला बारीक तडे जातात आणि सील टिकत नाही. तसंच, घट्ट ऑइल टाकून स्प्रिंग कडक होत नाही. हालचाल मंद होते, एवढंच.

‘पार्टच तर बदलला, आरटीओचा काय संबंध?’ हाही भ्रमच. मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 52 नुसार आरसीतला तपशील कंपनीने दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि आरसीत व्हीलबेसही नोंदलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. कलम 182अ(4) प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विमा कंपनीही हा बदल बघते.

माझं मत स्पष्ट आहे. हातात पैसे असतील तर आधी कोनसेट बदला, बुश आणि सील नवे टाका, ताजं फोर्क ऑइल मापाने भरा, स्वतःच्या वजनाला साजेशी स्प्रिंग घ्या आणि पुढचा टायर चांगला लावा. बहुतेकांची तक्रार तिथेच मिटते. तरीही उलटाच शॉकअप हवा असेल, तर तो कंपनीकडूनच आलेली क्रूझर घ्या. सुपर मिटिऑर 650ला 43 मिमीचा उलटा शॉकअप मुळापासून दिलेला आहे, आणि तिची चासी त्याच्यासाठीच बांधलेली आहे.