आधी पाण्याला वाट, मग रस्ता

जुलै 2021मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास 600 मिलिमीटर पाऊस कोसळला. पोलादपूरहून वर चढणारा आंबेनळी घाट ठिकठिकाणी तुटला. महाड, चिपळूणच्या डोंगरातल्या कितीतरी वाड्या एकाकी पडल्या. त्याच सुमारास घाटमाथ्याच्या पलीकडे, कोल्हापूर-सांगलीच्या सपाटीवर, पंचगंगा आणि कृष्णेचं पाणी शिवारातल्या रस्त्यांवर दिवसेंदिवस ठाण मांडून होतं. रस्ते दोन्हीकडे गेले. पण दुखणं निराळं, त्यामुळे उपायही निराळा हवा.

कोकणातलं दुखणं वेगाचं. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, की ते ढकलू शकेल अशा दगडाचं वजन सैद्धांतिक हिशेबानं 64 पट होतं. एरवी गोटे हलवणारा पऱ्या पुराच्या रात्री धोंडे घेऊन येतो. एखादा बुंधा मोरीच्या तोंडाशी अडकतो, त्याच्यामागे पालापाचोळा आणि गाळ साचतो, मोरी तुंबते. आता रस्त्याचा बांध झाला. पाणी वरच्या अंगाला चढतं आणि डांबरावरून पलीकडे कोसळतं. डांबराला त्यानं लगेच फारसं काही होत नाही. पाणी आपटतं ते खालच्या अंगाच्या साईडपट्टीवर. तिथं ते भरावाचा पायथा खणतं आणि मुरूम खात खात मागं, थेट डांबराखाली शिरतं. पूर ओसरल्यावर गाडीतून पाहणाऱ्याला रस्ता जवळजवळ शाबूत वाटतो. कडेनं खाली उतरलं, तर डांबर-खडीचा पापुद्रा अधांतरी लटकलेला दिसतो. पहिला भरलेला डंपर गेला की तो खचतो. पाहणीला येणाऱ्या प्रत्येकानं आधी खालच्या अंगाला उतरावं, ते यासाठी.

अशा ठिकाणी जेसीबीनं समोरचा गाळ लोटून खड्डा बुजवणं ही पहिल्या दिवसाची गरज असते. रुग्णवाहिका जायलाच हवी. पण तो गाळ तसाच ठेवून त्यावर डांबर ओतलं, तर पुढच्या पावसाळ्यात रस्ता तिथंच तुटणार. गाळ उपसून काढायला हवा आणि वाहून गेलेल्या मोरीच्या जागी त्याच मापाचा पाईप टाकण्याचा मोह टाळायला हवा. उतार तोच ठेवून पाईपचा व्यास दुप्पट केला, तर तो भरून वाहताना सुमारे सहापट पाणी नेतो. 600 ऐवजी 1200 मिलिमीटरचा पाईप महाग पडतो हे खरं, पण दरवर्षी नवा भराव घालण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त.

सपाटीवरचं दुखणं मुरण्याचं. रस्त्याखालची माती ओझं पेलते ती कणांमधल्या पाण्याच्या पातळ थरांच्या ओढीमुळेही. माती पूर्ण भिजली की ही ओढ संपते, आणि काळी माती तर फुगून लोण्यासारखी होते. रस्त्याची जाडी ठरवताना मातीचा नमुना प्रयोगशाळेत चार दिवस पाण्यात बुडवून मग तपासतात, ते याच भीतीनं. अमेरिकेत 2005च्या कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या बुडालेल्या रस्त्यांची तपासणी झाली. डांबरी रस्त्यांची ताकद सुमारे दोन इंच डांबरी थर कमी झाल्याइतकी घटलेली आढळली. काँक्रीटच्या रस्त्यांचं नुकसान मात्र थोडं होतं.

खरा घात पाणी ओसरल्यानंतर होतो. वरचं डांबर दोन उन्हांत कोरडं दिसतं, खालची माती कित्येक आठवडे ओली राहते. नेमके तेव्हाच मदतीचे ट्रक आणि इतर अवजड गाड्या सुरू होतात. रस्त्याचं नुकसान आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घातानं वाढतं. म्हणजे पाच टनांऐवजी दहा टनांचा आस गेला, तर नुकसान सोळापट. म्हणून मदत छोट्या टेम्पोतून पाठवावी आणि अवजड गाड्या माती वाळेपर्यंत थांबवाव्यात. हे सांगणाऱ्या अधिकाऱ्याला गावानं साथ द्यायला हवी.

नवा भराव घालतानाही पाण्याचं प्रमाणच निर्णायक ठरतं. दिवाळीत किल्ला करणाऱ्या पोरांना हे ठाऊक असतं: माती कोरडी असेल तर थापली जात नाही, चिखल झाला तर बसत नाही. प्रॉक्टर या अमेरिकी अभियंत्यानं 1933मध्ये याच गोष्टीची चाचणी बसवली. प्रत्येक मातीला एक ठरावीक ओल मानवते, त्या ओलीला ती सर्वांत घट्ट दबते. पण दबाव फार खोल पोचत नाही, म्हणून भराव वीतभर जाडीच्या थरांत टाकून प्रत्येक थरावर रोलर फिरवावा लागतो. मीटरभर मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला, की वरचा थर तेवढा दबतो आणि तळ पोकळ राहतो. हे काम चालू असताना गावातल्या कुणीही उभं राहून थरांची जाडी मोजावी. त्याला अभियंता असावं लागत नाही.

राहिला प्रश्न आधी कुठला रस्ता, याचा. वर्दळीचा रस्ता आधी, असं साहजिकच ठरतं. पण वर्दळीच्या रस्त्याला बहुधा पर्याय असतो, थोडा वळसा पडतो इतकंच. ज्या वाडीला एकच रस्ता आणि त्यावर एकच साकव, तिथली बाळंतीण दवाखान्यापासून पूर्ण तुटते. नकाशावर प्रत्येक दुवा एकेक करून पुसून पाहावा आणि तो नसताना किती माणसं कुठंच पोचू शकत नाहीत, ते मोजावं. हा हिशेब आज साध्या संगणकावर होतो. तालुक्याच्या रस्त्यांसाठी तो पावसाळ्याआधी, मे महिन्यातच करून ठेवता येईल, मोऱ्यांची तोंडं साफ करण्याच्या कामासोबतच.