शाकुंतलांतील रंगसूचना आणि चित्रपट

पोथ्यांचा संग्रह व पाठचिकित्सा करणारांस चित्रपटाशीं काय कर्तव्य, अशी शंका येणें साहजिक आहे. परंतु संस्कृत नाटकाचा बोलपट करावयाचा म्हटलें म्हणजे ज्या शब्दांकडे आपलें सहसा दुर्लक्ष होतें त्यांचाच आधार घ्यावा लागतो. ते शब्द म्हणजे रंगसूचना होत.

अभिज्ञानशाकुंतल अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यास संगीत रंगभूमीवर आणिलें. १९४३ सालीं व्ही. शांताराम यांनीं त्यावरून 'शकुंतला' हा हिंदी बोलपट काढिला. या दोन रूपांतरांत मोठा भेद असा कीं, रंगभूमीस नेपथ्य असतें, कॅमेऱ्यास तें नसतें.

मूळांत प्रत्यक्ष न दाखविलेले प्रसंग तीन प्रकारचे आहेत. पहिल्या अंकांतील रथवेग व वृक्षसेचन हीं केवळ अभिनयानें सुचविलीं जातात. 'नाटयति', 'रूपयति' या सूचना त्याच्याच द्योतक होत. पांचव्या अंकाच्या अखेरीस स्त्रीरूप ज्योति शकुंतलेस घेऊन गेली हें पुरोहित सांगतो, आणि माशाच्या पोटांत मुद्रिका सांपडल्याचें धीवर सांगतो. हे दोन्ही प्रकार चित्रपटास सुलभ आहेत. तिसरा प्रकार केवळ ऐकूं येणारा. चौथ्या अंकाच्या विष्कंभकांत दुर्वासाचा शाप 'नेपथ्ये' उच्चारला जातो. ऋषि दिसत नाहीं, शकुंतलाहि दिसत नाहीं. फुलें वेंचणाऱ्या दोघी सख्या मात्र तो ऐकतात. कॅमेऱ्यानें क्रुद्ध ऋषि शकुंतलेसमोर उभा केला, तर हिला हें ऐकूं कसें आलें नाहीं, असें प्रेक्षक विचारील. आणि पुढील सर्व कथानक तर तिच्या या अज्ञानावरच उभें आहे. म्हणून कॅमेरा सख्यांपाशीं ठेवून शाप दुरून ऐकवावा, हेंच कवीच्या योजनेस धरून होईल. एका 'नेपथ्ये' या शब्दाचें महत्त्व एवढें आहे.

शिवाय, मूळास धरून म्हणजे कोणत्या मूळास, हाहि प्रश्न उरतोच. वंगीय परंपरेंतील तिसरा अंक देवनागरी परंपरेहून बराच विस्तृत आहे. विल्यम जोन्स यांचें १७८९ चें इंग्रजी भाषांतर वंगीय पाठावरून झालेलें आहे. दोन्ही परंपरांवरून काढिलेले चित्रपट प्रणयप्रसंगापुरते तरी भिन्नच होतील.

तात्पर्य, पोथ्या ताडून पाहतांना श्लोकांचे पाठभेद आपण जसे नोंदवितों, तसेच रंगसूचनांचेहि नोंदवावे. लेखकाच्या हातून त्या गळणें सोपें असतें. आणि प्रयोग कसा होत असे हें सांगणारा तेवढाच पुरावा पोथींत असतो.