दाव्यामागचा कागद

घनसावंगी विधानसभा मतदारसंघात 2019 साली राजेश टोपे 3,409 मतांनी निवडून आले. पाच वर्षांनी तेच टोपे त्याच प्रतिस्पर्ध्याकडून, हिकमत उढाण यांच्याकडून, 2,309 मतांनी पडले. लढत इतकी अटीतटीची असली की चार-दोन गावांनी मन बदललं तरी आमदार बदलतो. अशा ठिकाणी भाषणातली एखादी थाप किंवा मोबाइलवर फिरलेली एखादी क्लिप महागात पडू शकते.

अशी क्लिप 2024 च्या निवडणुकीत राज्यभर फिरली. मतदान 20 नोव्हेंबरला होतं. आदल्या दिवशी, जाहीर प्रचार थांबलेला असताना, माजी आयपीएस अधिकारी रवींद्रनाथ पाटील यांनी सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्यावर बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरल्याचा आरोप केला. पाठोपाठ भाजपने काही ध्वनिफिती प्रसिद्ध केल्या. सुळे यांनी तो आवाज आपला नसल्याचं सांगून तक्रार केली. मतदानाच्या दिवशी त्यांचे चुलतभाऊ अजित पवार मात्र म्हणाले की बोलण्याच्या ढबीवरून आवाज बहिणीचाच वाटतो, बाकी चौकशीत कळेल. ‘बूम’ या तथ्यपडताळणी संस्थेने फिती तपासल्या, तेव्हा त्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेने आवाज तयार केल्याची चिन्हं आढळली. तोवर मतदार रांगेत उभे होते.

आवाज तपासायला खास साधनं लागतात. आकडा तपासायला बहुतेक वेळा सरकारी कागद पुरतो.

त्याच निवडणुकीच्या निकालानंतर धुळे ग्रामीणमधल्या अवधान गावात काँग्रेसचे कुणाल पाटील यांना शून्य मतं पडल्याची आवई उठली. निवडणूक यंत्रणेने तिथल्या चार केंद्रांचे आकडे समोर ठेवले: 227, 234, 252 आणि 344. बेरीज 1,057. कोणत्या केंद्रावर कुणाला किती मतं मिळाली, हे नमुना 20 मध्ये नोंदलेलं असतं आणि ते कुणालाही पाहता येतं.

उमेदवार स्वतःबद्दल जे सांगतो, त्यासाठी नमुना 26 चं प्रतिज्ञापत्र आहे. मालमत्ता, कर्ज, शिक्षण, दाखल गुन्हे असं सगळं त्यात लिहून द्यावं लागतं. निवडणूक आयोग ते संकेतस्थळावर टाकतो. “माझ्यावर एकही गुन्हा नाही” हे वाक्य सभेत ऐकलं, तर घरी येऊन पाच मिनिटांत पडताळता येतं. प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिलं किंवा माहिती दडवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कोर्टाची गती वेगळी. 2014 च्या प्रतिज्ञापत्रात दोन प्रकरणांचा उल्लेख न केल्यावरून देवेंद्र फडणवीस यांच्याविरुद्ध तक्रार झाली. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटल्याचा मार्ग मोकळा केला आणि सप्टेंबर 2023 मध्ये नागपूरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. या नऊ वर्षांत विधानसभेची आणखी एक निवडणूक होऊन गेली होती.

सभेतल्या थापेला तर कायदा फारसा हातच लावत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123(4) दुसऱ्या उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल, वर्तनाबद्दल किंवा उमेदवारीबद्दल जाणूनबुजून केलेल्या खोट्या विधानापुरतं आहे. “हा रस्ता मीच केला” ही बढाई त्यात बसत नाही. शिवाय चूक दाखवली म्हणून मतं फिरतातच असंही नाही. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतले 30,573 खोटे किंवा दिशाभूल करणारे दावे मोजले होते, तरी 2020 मध्ये त्यांना 7 कोटी 40 लाखांवर मतं पडली, आणि 2024 मध्ये ते पुन्हा निवडून आले.

रस्त्याच्या दाव्यात खरी मेख असते ती क्रियापदात. काम ‘मंजूर’ झालं म्हणजे बहुधा प्रशासकीय मान्यता मिळाली. त्यानंतर निविदा, कार्यारंभ आदेश, प्रत्यक्ष काम आणि शेवटी बिल. भाषणात यातली पहिली पायरी शेवटची म्हणून खपवली जाते. मान्यता कोणत्या तारखेची, पैसा केंद्राचा, राज्याचा की आमदार निधीचा, आणि आजवर खर्च किती, हे तीन प्रश्न विचारले की श्रेय कुणाचं ते बरंचसं उलगडतं.

उत्तरं सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. माहिती अधिकारात ती मागता येतात. अडचण वेळेची आहे. 2024 मध्ये निवडणूक 15 ऑक्टोबरला जाहीर झाली, अर्ज माघारीची मुदत 4 नोव्हेंबरला संपली आणि प्रचार 18 तारखेला थांबला. माहिती द्यायला कार्यालयाला 30 दिवस मिळतात. म्हणजे माघारीनंतरच्या सभेत ऐकलेल्या दाव्यावर अर्ज केला, तर उत्तर निकालानंतर हाती पडण्याचीच शक्यता जास्त. म्हणून तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव किंवा रांजणीच्या वाचकाने गावातल्या कामांची यादी, मान्यतेच्या तारखा आणि झालेला खर्च आचारसंहिता लागण्याच्या दोन महिने आधीच मागवून ठेवावा. ग्रामपंचायतीच्या खर्चासाठी तेवढंही थांबायला नको. तो ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाच्या नावाने पाहता येतो.