माळवदाची माती आणि वारसा

पारंपरिक घरबांधणी पर्यावरणाला पोषक असते, असे आता सर्वत्र सांगितले जाते. आमच्या महाविद्यालयातील एका चर्चासत्रातही मराठवाड्यातील माळवदाच्या वाड्यांचे असेच गुणगान झाले. त्यात तथ्य आहे. मात्र हा वारसा कोणाच्या श्रमावर उभा राहिला, हे तिथे कोणी विचारले नाही. म्हणून हे टिपण.

माळवद म्हणजे मातीचे सपाट छत. लाकडी खांब व तुळयांवर फळ्या, त्यांवर मातीचा जाड थर. भोवती दगड-मातीच्या रुंद भिंती. साहित्य बहुतेक परिसरातलेच. जाड मातीमुळे उन्हाळ्यात आत गारवा राहतो. सिमेंट तयार करताना मात्र चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. त्यात इंधन जळते आणि चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हे गणित नाकारण्याचे कारण नाही.

पण छत गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती घालावी लागे. आमच्या गावात ती पाट्या भरून कोणी वाहिली? माझ्या आजीने. मोबदला भाकरीचा. ज्या वाड्यावर ती माती टाकी, त्याचा उंबरा ओलांडण्याची तिला मुभा नव्हती. तिच्या वाट्याला गावकुसाबाहेरचे गवताचे छप्पर.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे दगावली. आमचे गाव त्याच पट्ट्यातले. थरावर थर चढून छते जड झाली होती. भिंतींची आतली व बाहेरची बाजू बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते. भिंती फुटल्या आणि दगडमाती झोपलेल्या माणसांवर आली. जिथे छताचा भार लाकडी खांबांनी पेलला, तिथे भिंती पडूनही काही घरे उभी राहिली. मी तेव्हा तान्हा होतो. "आपल्याला गरिबीनं वाचवलं," असे आजी म्हणे. पण वाड्यातल्या लेकरांसाठी तीच रडली. त्या मातीत आपल्याही पाट्या होत्या, ही बोच तिला शेवटपर्यंत राहिली.

आज आमचे घर सिमेंटच्या भिंतींचे आणि पत्र्याचे आहे. वैशाखात दुपारी आत बसवत नाही; वडील लिंबाखाली बाज टाकतात. म्हणजे वाड्याचा गारवा आम्हाला तेव्हाही नव्हता, आजही नाही.

म्हणून वारसा पारखून घ्यावा. मातीच्या भिंती ठेवाव्यात, पण त्यांत आरपार दगड घालावेत. खांब-तुळयांचे सांधे पक्के करावेत. छत हलके ठेवावे. गवंडी, सुतार, वडार यांचे ज्ञान अभ्यासक्रमात यावे आणि त्यांच्या हाताला पुरी मजुरी मिळावी. घरकुलाच्या योजनेतही अशा गार, सुरक्षित घराचा पर्याय असावा. आणि एखादा जुना वाडा जतन केला, तर फलकावर मालकाच्या नावाशेजारी माती वाहणाऱ्यांचीही नोंद असावी. ज्यांनी वारसा डोक्यावर वाहिला, त्यांना त्यात राहायला मिळणार नसेल, तर तो टिकवायचा तरी कोणासाठी?