एका मादीची अंडी, दोन ‘जातीं’ची पिले

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात किंगस्नेक नावाचा एक बिनविषारी साप आढळतो. लांबी साधारण तीन ते चार फूट. नावावरून त्याचे नागराजाशी नाते जोडू नका. दोघांना राजेपद मिळाले ते मात्र एकाच कारणाने: दोघेही इतर सापांना खातात. शेपटी खुळखुळ्यासारखी वाजवणाऱ्या विषारी रॅटलस्नेकलाही किंगस्नेक आवळून मारतो व गिळतो. त्या विषाची त्याला फारशी बाधा होत नाही.

परंतु आपल्याला आज पाहावयाचा आहे तो त्याचा रंग. काही किंगस्नेकांच्या काळ्या किंवा तपकिरी अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. चित्र पाहिल्यास आपल्याकडच्या मण्यारीची आठवण होईल. दुसऱ्या काहींच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत एकच उभी रेघ असते. इतका फरक दिसल्यावर शास्त्रज्ञांनी ह्या दोन जाती मानल्या, ह्यात नवल नाही. रेघवाल्याचे नामकरण १८३५ मध्ये झाले, पट्टेवाल्याचे १८५३ मध्ये.

हा घोळ सोडवला सॅन दिएगो येथील लॉरेन्स क्लॉबर ह्यांनी. हे गृहस्थ पेशाने विद्युत अभियंता! पण सापांचा अभ्यास त्यांनी असा केला की, भल्याभल्या प्राणिशास्त्रज्ञांनी त्यांच्याकडून शिकावे. एकाच मादीने घातलेल्या अंड्यांतून पट्टेवाली व रेघवाली अशी दोन्ही प्रकारची पिले बाहेर पडतात, हे त्यांच्या लक्षात आले. सख्खी भावंडे निरनिराळ्या जातींची कशी असतील? १९३६ मध्ये त्यांनी हा साप एकाच जातीचा असून त्याचे नक्षीकाम तेवढे दोन प्रकारचे आहे, असे मांडले. शिवाय दोन्ही प्रकारचे साप कोठे किती सापडतात, हेही त्यांनी मोजले. रेघवाले मुख्यतः दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनारी भागात, सॅन दिएगोच्या आसपास; इतर बहुतेक ठिकाणी पट्टेवालेच. प्रत्येक सापाबरोबर तो कोठे सापडला त्याची नोंद होती, म्हणूनच हा हिशेब जमला.

पुढे हौशी लोक हे साप पेट्यांत वाढवून त्यांची पैदास करू लागले, आणि ही नोंदच धोक्यात आली. वाळवंटी भागातले साप काळेभोर व शुभ्र पट्ट्यांचे, तर किनाऱ्याकडचे बरेचसे तपकिरी व पिवळट असतात. जाणकार पाळणारे एकाच ठिकाणच्या नर-मादीची जोडी लावतात आणि पिलांबरोबर त्या ठिकाणाचे नाव लिहून ठेवतात. पण बाजारात मागणी असते नवलाईच्या रंगांना. त्यासाठी कोठलाही नर कोठल्याही मादीबरोबर ठेवला जातो. निपजलेले एखादे पिलू वाळवंटी सापासारखे काळे-पांढरे दिसले, तरी त्याचे आईबाप वाळवंटातलेच होते असे म्हणता येत नाही.

रंगहीन, म्हणजे अल्बिनो पिलांची गोष्ट तर अधिकच फसवी. हा गुण अप्रभावी आहे. मेंडेलचे वाटाणे आठवा. दिसायला अगदी नेहमीच्या रंगाचे, पण हे जनुक दडवून असलेले नर-मादी एकत्र आले, की सरासरी चारांत एक पिलू अल्बिनो निघते. उरलेल्या तिघांपैकी कोणाकडे ते जनुक आहे, हे नुसत्या डोळ्यांनी कोण सांगणार? चिठ्ठी एकदा हरवली की, सापाकडे पाहून ती पुन्हा लिहिता येत नाही.

पाळलेले साप पेटीतच राहतात असेही नाही. आफ्रिकेच्या वायव्येला अटलांटिक महासागरात ग्रान कनारिया हे स्पेनचे बेट आहे. तेथे मूळचा एकही साप नाही. १९९८ मध्ये तेथे मोकळ्यावर किंगस्नेक दिसला. पाळलेल्यांपैकी कोणी निसटले किंवा सोडून दिले गेले होते. पुढे पकडलेल्या सापांत पट्टेवाले, रेघवाले आणि चक्क अल्बिनोही निघाले! मूळ रानात अल्बिनो साप शिकारी पक्ष्यांच्या नजरेत चटकन भरतो. ह्या बेटावर मात्र त्याला शत्रू थोडे, आणि त्याचा बराच वेळ जमिनीखाली जातो. त्यामुळे त्याचे निभावले.

निभावले नाही ते तेथील मोठ्या सरड्याचे. जगात फक्त ह्याच बेटावर उत्क्रांत झालेल्या ह्या सरड्याला सापापासून पळायचे असते हे ठाऊकच नव्हते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, जेथे किंगस्नेक पसरले तेथे त्यांची संख्या नव्वद टक्क्यांहूनही अधिक घटली आहे. हा सरडा रानफळे खातो आणि त्यांच्या बिया दूरवर टाकतो. तेव्हा आता संशोधकांचे लक्ष तेथील झुडपांकडेही लागले आहे.