मेमरी फुगते कशी?

बँकांचे व्यवहार सांभाळणारे मेनफ्रेम महिनोन्महिने अखंड चालतात, म्हणून तिथली बारीक गळतीही महागात पडते. सर्व्हर प्रत्येक विनंतीसाठी थोडी मेमरी घेतो. ती परत केली नाही की साठत जाते.

आयबीएमच्या झेड/ओएसमध्ये १६ एमबीच्या सीमेला ‘लाइन’ म्हणतात आणि २ जीबीच्या सीमेला ‘बार’. लाइनखालची जागा संपली, तर वर कितीही मोकळी असली तरी प्रोग्राम ८७८ हा कोड देऊन कोसळू शकतो. त्यामुळे गळती कुठल्या पट्ट्यात आहे, हे आधी पाहावं.

जावा सर्व्हर असेल, तर गार्बेज कलेक्शनची नोंद सुरू करा. आलेख वरखाली होणारच, त्याला घाबरू नये. सफाईनंतर उरलेली मेमरी बघा. सारख्याच कामाच्या ताणाखाली हा तळ दिवसेंदिवस चढत असेल, तर संशय पक्का. मग काही तासांच्या अंतरानं दोन हीप डंप घेऊन कुठल्या वस्तू वाढल्या ते ताडून पाहा. अनेकदा कधीच रिकामा न होणारा कॅशे सापडतो. तळ स्थिर, तरी एकूण मेमरी वाढतेय? मग शोध हीपबाहेर: थ्रेड, नेटिव्ह लायब्ररी.

रीस्टार्टनं वेळ निभावते, पण पुरावाही पुसला जातो. तेव्हा आधी डंप घ्या, मगच रीस्टार्ट करा.